वेल माजला

गुहागर तालुक्यातील आमच्या घराच्या मागील दारी कलिंगडाचे वेल लावण्याचा माझा पहिला हंगाम आठवला की, आजही मला आमचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि त्यावर कोपरे टेकवून उभे असलेले तात्या डोळ्यांसमोर येतात. नोकरीतून निवृत्त होऊन डोंबिवलीहून गावी परतल्याला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. देवदिवाळीच्या सुमारास टोकलेल्या बियांचे जानेवारीत असे रान माजले होते की, जमीन दिसेनाशी झाली होती, आणि वेलांचे शेंडे गडग्यावर चढून पलीकडे तात्यांच्या खळ्याकडे निघाले होते. पाने तळहाताहून मोठी, काळपट हिरवी आणि इतकी रसरशीत होती की, येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती कौतुकाने दाखवत असे. तात्या माझ्या सासऱ्यांचे चुलत भाऊ. वायंगणातल्या, म्हणजे भातानंतर घेतलेल्या, कलिंगडांवर त्यांचे उभे आयुष्य गेले. त्यांनी एक वेल उचलला, पालथा करून पाहिला, पुन्हा जागेवर ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, वेल माजला तुमचा. ह्याला आता काही घालू नका."

अठ्ठावन्नाव्या वर्षीही मी त्यांना सूनबाईच आहे, त्यामुळे उलट उत्तर दिले नाही. मात्र ते गेल्यावर खाली बसून फुले मोजली. एका वेलावर चाळीस-एक पिवळी फुले होती आणि त्यांतील एकाही फुलाच्या देठाशी तो हरभऱ्याएवढा लवदार गोळा नव्हता, म्हणजे सगळीच्या सगळी नरफुले होती. कलिंगडाला आधी नरफुले येतात आणि त्यानंतर काही दिवसांनी मादीफुले, हे मला ठाऊक होते; पण माझ्या वेलांचे ते 'काही दिवस' तीन आठवडे होऊन गेले तरी संपत नव्हते. कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती. दर आठ दिवसांनी प्रत्येक आळ्यात मी युरियाची मूठ टाकत आले होते. युरियातले नत्र, म्हणजे नायट्रोजन, मिळत राहते तोवर वेलाला पाने आणि शेंडे वाढवण्याखेरीज दुसरे काही सुचत नाही. फळाचा विचार त्याच्या मनात येतो तो नत्राची चणचण जाणवू लागल्यावर. त्या वर्षी आठ वेलांना मिळून तीन फळे धरली आणि त्यांतले एक कोल्ह्याने नेले.

मूठ हे माप कुठून आले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. युरिया आपल्याकडे इतका स्वस्त आहे की, हात आखडता घ्यावा असे वाटतच नाही. ४५ किलोची कडुनिंबाचा लेप दिलेली पिशवी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते आणि पोटॅशच्या पिशवीला त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात. तेव्हा शेतकरी असो की परसात चार वेल लावणारी माझ्यासारखी बाई असो, हात पांढऱ्या दाण्यांकडेच वळतो. शिवाय युरियाचा परिणाम चार दिवसांत डोळ्यांना दिसतो. पान हिरवेगार होते आणि आपल्याला वाटते की झाडाने आपले ऐकले. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांचे काम मुळांत आणि फळात चालते, तिथे आपली नजर पोहोचत नाही.

दुसऱ्या हंगामाआधी मी वही घेऊन हिशेब मांडला. खतांच्या शिफारशी हेक्टरी किलोत छापलेल्या असतात आणि परसबागेचा माणूस त्या वाचून गोंधळतो, पण गणित चौथीच्या मुलालाही जमेल असे आहे. दोन ओळींत दोन मीटर आणि दोन वेलांत एक मीटर अंतर धरले, तर हेक्टरच्या दहा हजार चौरस मीटरमध्ये पाच हजार वेल बसतात. समजा हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश द्यायचे आहे, तर एका वेलाच्या वाट्याला २० ग्रॅम नत्र आणि दहा-दहा ग्रॅम स्फुरद व पालाश येते. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून संपूर्ण हंगामाला एका वेलाला सुमारे ४३ ग्रॅम युरिया पुरतो. सिंगल सुपर फॉस्फेटात १६ टक्के स्फुरद, म्हणून ते ६२ ग्रॅमच्या आसपास, आणि म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश, म्हणून ते जेमतेम १७ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी माझी मूठ तोलून पाहिली तेव्हा ती ४० ग्रॅमची भरली. मी वेलाला दर आठवड्याला अख्ख्या हंगामाचे जेवण वाढत होते. त्या दिवसापासून युरियाच्या डब्यात चहाचा चमचा पडला. सपाट भरला तर त्यात जेमतेम चार ग्रॅम मावतो.

हिशेब जमला तरी तो कागदावरच्या जमिनीचा होता. आमच्या घराच्या वरच्या अंगाला जांभ्याची तांबडी माती आहे आणि खालच्या अंगाला, नारळी-पोफळीच्या आगरापलीकडे, समुद्राकडची पुळण, म्हणजे वाळूची जमीन. मध्ये फार तर दीडशे पावलांचे अंतर, पण या दोन मातींचे स्वभाव म्हणजे एकाच घरातल्या दोन जावा. वरच्या मातीला खत दिले तर ती ते धरून बसते आणि मुळांना देत नाही. खालची माती घेतलेले लगेच देऊन टाकते, स्वतःजवळ काही ठेवत नाही.

वरच्या मातीचा नमुना तपासून घेतला. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा रकाने असतात आणि त्यांत पहिल्यांदा माझी नजर गेली ती सामूवर, म्हणजे मातीच्या आंबटपणाच्या मापावर. माती चांगलीच आंबट निघाली, लोह भरपूर होते आणि उपलब्ध स्फुरदाच्या रकान्यात 'कमी' असा शेरा होता. दरवर्षी तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस ज्या जमिनीवर कोसळतो, तिच्यातून चुना, मॅग्नेशियम आणि पालाश हजारो वर्षे वाहून जात राहते, आणि मागे उरतात ती लोखंडाची व अॅल्युमिनियमची संयुगे. जांभ्याचा ओला चिरा खाणीतून कापून काढताना मऊ असतो आणि उन्हा-वाऱ्यात कडक होतो तो या लोखंडामुळेच. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात पाहिलेल्या या दगडाला विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून १८०७ मध्ये लॅटराइट हे नाव दिले. आमच्या घराच्या भिंती ज्या लोखंडाने शंभर वर्षे उभ्या ठेवल्या, तेच मातीत टाकलेल्या स्फुरदाला मिठी मारून बसते आणि मुळांच्या हाती लागू देत नाही. सुपर फॉस्फेट नुसते विसकटून टाकणे म्हणजे त्या मिठीत ते आपल्या हाताने ढकलणे होय.

यावरचा उपाय सासूबाईंच्या हातात होता; त्याचे कारण मात्र त्यांनी कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नव्हते. त्या खत नेहमी शेणात कालवून, मुठीएवढ्या गोळ्याने आळ्यात ठेवत, पसरत नसत. शेणखताच्या संगतीत असलेल्या स्फुरदाला लोखंडाचा स्पर्श कमी होतो आणि कुजणाऱ्या शेणातून सुटणारी आम्ले लोखंडालाच गुंतवून ठेवतात. आता मी दिवाळी उलटली की हातभर रुंद आणि वीतभर खोल आळी खणते, बांधावरच्या गिरिपुष्पाचा कोवळा पाला तळाशी दाबते, त्यावर दोन घमेली जुने, चाळलेले, मातीचा वास येणारे शेणखत घालते आणि त्या शेणखतातच त्या वेलाचे सगळेच्या सगळे सुपर फॉस्फेट मिसळते. स्फुरद जागचे फारसे हलत नाही. मुळे त्याच्यापर्यंत यावी लागतात, म्हणून ते लावणीआधी मुळांच्या वाटेवर असलेले बरे. नंतर वरून दिलेल्या स्फुरदाचा परसबागेत मला तरी कधी उपयोग दिसला नाही. पाला कुजायला पंधरा दिवस लागतात. तोवर बी टोकायचे नाही, एवढा धीर मात्र धरावा लागतो.

चुलीतल्या राखेविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तिने मला एकदा चांगलेच बनवले. आमच्याकडे पाणी अजून मागच्या चुलीवर तापते. नारळाच्या झावळ्या, करवंट्या आणि सोडणे जळून जी राख उरते तिच्यात पालाश भरपूर असते, आणि आंबट मातीचा आंबटपणाही ती उतरवते. तांबडे भुंगेरे कलिंगडाच्या कोवळ्या पानांची चाळण करू लागले की, सासूबाई सकाळी दव असताना पानांवर हीच राख भुरभुरवत. इतक्या गुणांची वस्तू अमोनियम सल्फेट या दुसऱ्या नत्रखताबरोबर कालवली तर एका फेरीत दोन कामे होतील, असा हिशेब करून मी घमेल्यात राख घेतली, त्यात मोजून अमोनियम सल्फेट टाकले, थोडे पाणी शिंपडले आणि हाताने कालवू लागले. मिश्रण बोटांना कोमट लागले. क्षणभराने नाकात अशी झिणझिणी गेली की, डोळ्यांतून पाणी आले. गोठा चार दिवस झाडला नाही की सकाळी दार उघडताच जो दर्प येतो, तोच, पण सुईसारखा टोकदार. माझे मोजलेले नत्र अमोनिया होऊन माझ्याच नाकातून जात होते. राख क्षारधर्मी असते आणि तिच्या संगतीत अशा खतातले नत्र हवेत उडून जाते, हे मी पुस्तकात वाचले होते. घमेल्यावर वाकून ते हुंगल्यावर जसे कळले तसे वाचून कळले नव्हते. ओसरीवरून सासूबाईंनी एवढेच विचारले, "अगं, कसला वास गं तो?" आता राख लावणीआधी तीन आठवडे मातीत जाते आणि कुठलेही नत्रखत तिच्या वाटेला जात नाही.

कोंबडखताची गोष्ट लहान आहे. ताजे खत घातले, रोपे दुपारपर्यंत मान टाकून पडली, आणि पुन्हा बी टोकावे लागले. माशांच्या धुवणाची गोष्ट त्याहूनही लहान. तारल्या-बांगड्यांचे पाणी नारळाला आणि कढीलिंबाला मानवते, म्हणून कलिंगडालाही घातले, तेव्हा रात्रीत गावच्या मांजरांनी आळी उकरून ठेवली. त्यात नत्रच मुख्य असल्याने फुलोऱ्यानंतर ते तसेही नको होते.

बी रुजून दोन-चार पाने आली की, युरियाच्या एकूण मात्रेच्या तीन भागांतला पहिला जातो, वेल धावू लागला की दुसरा, आणि पहिली नरफुले दिसताच तिसरा. दाणे खोडापासून वीतभर दूर गोल रेघेत टाकून मातीने झाकायचे आणि लगेच पाणी द्यायचे, कारण उघडा राहिलेला युरिया आमच्या डिसेंबरच्या उन्हातही उडून जातो. तिसऱ्या भागानंतर डबा फळीवर वर ठेवून देते. हा काळ कठीण असतो. पाने किंचित फिकी पडतात, शेंड्यांची धाव मंदावते, आणि शेजारच्या कुणाचे वेल गर्द हिरवे दिसले की हात शिवशिवतो. पण याच आठवड्यात सकाळी सातच्या सुमारास गेले की, पानांच्या बेचक्यात पहिले मादीफूल दिसते. कलिंगडाचे फूल एक दिवसाचे असते. सकाळी उमलते आणि दुपारी मिटते ते कायमचेच. तेवढ्या वेळात मधमाशीने नरफुलावरून त्यावर अनेक वेळा यावे लागते, नाहीतर गोळा पिवळा पडून गळतो किंवा फळ एका बाजूने वाकडे वाढते. साधारण सात नरफुलांमागे एक मादीफूल, असे हे प्रमाण. म्हणून या दिवसांत सकाळी पानांवर मी कसलाही फवारा घेत नाही, अगदी खताचाही. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम बोरॅक्स विरघळवून जो फवारा द्यायचा असतो, तो वेल लहान असतानाच, संध्याकाळी उरकून घेते. आमच्या धुऊन निघालेल्या मातीत बोरॉन कमी असते आणि फुलाच्या परागांना ते लागते. पण कमी आणि जास्त यांत फार थोडे अंतर असल्याने इथे चमचाही मोठा ठरतो, म्हणून मी काट्यावर तोलते.

खालच्या पुळणीतली तऱ्हा वेगळी. तिथे तीन भागांनी भागत नाही, कारण एका पाण्याबरोबर खत मुळांच्या खाली उतरून जाते. तीच मात्रा मी सहा-सात वेळा, पाण्यात विरघळवून, तांब्या-तांब्याने देते. दुसऱ्या हंगामात याच पुळणीतल्या फळांनी मला हैराण केले होते. लिंबाएवढी झालेली फळे फुलाकडच्या टोकाला काळी, चपटी आणि चामड्यासारखी होऊ लागली. कुणी म्हणाले रोग आहे, औषध मारा. कुणी अंड्यांची टरफले घालायला सांगितली आणि मी भक्तिभावाने महिनाभर टरफले कुटून घातली. ती मातीत तशीच पांढरी चमकत राहिली आणि फळे काळी पडत राहिली. तो कॅल्शियमचा अभाव होता, पण मातीतला नव्हता. कॅल्शियम पाण्याच्या ओघाबरोबर वर चढते आणि जिथून पाणी उडते तिथे, म्हणजे पानांत, जाऊन पोहोचते. फळातून पाणी फारसे उडत नाही, त्यामुळे ओघ तुटला की पहिला उपास फळाच्या टोकाला घडतो. मी दोन दिवसांआड भरपूर पाणी देत होते आणि मधल्या उन्हात वाळू तापून कोरडी पडत होती. रोज थोडे पाणी आणि आळ्यांवर वाळलेल्या झावळ्यांचे आच्छादन, एवढ्याने नवी फळे सुधारली. कॅल्शियम नायट्रेटचे हलके पाणीही दोनदा दिले. टरफलांवर माझा राग नाही, ती सावकाश विरघळतात. वरच्या आंबट मातीत मी आता तिसऱ्या या खाण्याच्या शिंपल्यांचा चुरा पावसाळ्याआधीच टाकते आणि विसरून जाते.

फळ पेरूएवढे झाले की पालाशची वेळ येते. पानांत तयार झालेली साखर फळापर्यंत वाहून नेण्याच्या कामी ते लागते. वरच्या वाफ्यात म्युरेटचे तांबूस खडे चालतात. खाली मात्र चालत नाहीत, कारण त्यात क्लोराइड असते आणि आमच्या आगरातल्या विहिरीचे पाणी फाल्गुन जवळ आला की तसेही मचूळ होऊ लागते. त्या वेलांना मी सल्फेट ऑफ पोटॅश देते. महाग पडते, पण दहा-बारा वेलांना लागते तरी किती. एका वेलावर दोनच फळे राखते. शुगर बेबी या वाणाचे फळ तीन-चार किलोचे, काळपट हिरवे आणि आटोपशीर होते. तिसरे फळ खुडताना जीव तुटतो खरा, पण राखले तर तिन्ही पाणचट होतात, हेही मी करून पाहिले आहे.

यंदाच्या हंगामात मी एक लबाडी केली. वरच्या वाफ्यातला कडेचा वेल इतरांहून किडकिडा होता आणि त्यावरचे एकुलते एक फळ मागे पडल्यासारखे वाटत होते. शिमगा महिन्यावर आला होता, पालखी घरी यायची होती, मुंबईहून नणंदा आणि त्यांची मुले येणार होती. डबा फळीवरून खाली काढला आणि कुणी बघत नाही असे पाहून त्या एका आळ्यात चमचाभर युरिया घातला. चार दिवसांनी आणखी एक. वरून पाणीही सढळ दिले. फळाने असा जोर धरला की, पंधरा दिवसांत ते वाफ्यातले सर्वांत मोठे झाले. मी मनातून खूश होते.

पालखी नाचून पुढच्या वाडीला गेल्यावर ओसरीवर सगळे टेकले आणि तात्यांच्या हाती सुरी दिली. देठाजवळची वेलाची तार वाळलेली, जमिनीला टेकलेला डाग पिवळा, बोटाने टिचकी मारली की आवाज बद्द. सगळी लक्षणे पाहून दुपारीच तोडलेली पाच फळे पाण्याच्या बादलीत गार केलेली होती. पहिली चार छान निघाली, लालबुंद आणि रवाळ. मोठे फळ मी मुद्दाम शेवटी ठेवले होते. तात्यांनी ते मधोमध चिरले आणि दोन्ही फाकी पाटावर उताण्या ठेवल्या. गर लाल होता, पण बरोबर मधोमध तीन बोटे मावतील अशी चीर पडून तो पोकळ झाला होता, आणि त्या पोकळीच्या कडा फिकट गुलाबी होत्या. तात्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चघळला, त्या पोकळीत पाहिले आणि मग माझ्याकडे.

"सूनबाई," ते म्हणाले, "ह्याला काय घातलेत?"

मी मुलांच्या हातांत ताटल्या देत राहिले.